कृष्णद्रव्य किती उरले असते? आदिविश्वातील शिल्लक कागदावर काढण्याची रीत

कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणामुळे जाणवणारे द्रव्य, विश्वाच्या बाल्यावस्थेत कसे निर्माण झाले असावे, या प्रश्नाला आज एकच सिद्ध उत्तर नाही. सुचवले गेलेले प्रत्येक उत्तर तपासण्याची रीत मात्र ठरलेली आहे, आणि तिचा मुख्य भाग पदवीच्या पातळीचे भौतिकशास्त्र येणाऱ्या कोणालाही कागद, पेन्सिल आणि घातांक हाताळणारे गणकयंत्र घेऊन एका बैठकीत करता येतो. कल्पनेतला एखादा कण घ्यायचा, तापलेल्या आदिविश्वात त्याचे काय झाले असते हे पाहायचे, आणि आज त्याची किती शिल्लक राहिली असती तो आकडा काढायचा. आकडा निरीक्षणाशी जुळला तर कल्पना पुढच्या कसोट्यांना पात्र ठरते. फार जास्त आला तर ती बाद होते. फार कमी आला तर त्या कणाला कृष्णद्रव्याचा एक छोटा हिस्सा म्हणून तेवढी जागा उरते.

कण कोणता, या प्रश्नापासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. कण घडवणाऱ्या किंवा नष्ट करणाऱ्या प्रक्रियेचा दर एका बाजूला आणि विश्वाच्या प्रसरणाचा दर दुसऱ्या बाजूला मांडावा, आणि हे दोन दर कोणत्या तापमानाला एकमेकांना छेदतात ते आधी शोधावे. पुढे येणाऱ्या जवळजवळ सर्व पर्यायांत निर्णय याच छेदबिंदूवर होतो, कणाचे नाव काहीही असो.

लक्ष्य आणि एकके

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहाच्या गतीवरून आणि व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणावरून जे दाखवले, त्यातून न दिसणाऱ्या वस्तुमानाचा पुरावा मिळतो. परंतु आपल्याला हवी आहे ती संपूर्ण विश्वातील सरासरी घनता, आणि ती सर्वांत अचूकपणे मिळते वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरून, म्हणजे आदिविश्वातून आजपर्यंत उरलेल्या प्रारणावरून. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार कृष्णद्रव्याचे प्रमाण ०.१२० आहे, आणि त्यातील अनिश्चितता ०.००१ इतकीच आहे. हा आकडा म्हणजे कृष्णद्रव्याची घनता भागिले क्रांतिक घनता (विश्व भूमितीने सपाट असण्यासाठी लागणारी घनता), गुणिले हबल स्थिरांकाच्या (प्रसरणाच्या आजच्या दराच्या) शंभराव्या भागाचा वर्ग. हा वर्ग मुद्दाम गुणलेला असतो, कारण त्यामुळे हबल स्थिरांकाच्या नेमक्या किमतीबद्दलचा वाद आपल्या हिशेबात शिरत नाही. याच मापात सामान्य द्रव्याचे प्रमाण ०.०२२४ आहे, म्हणजे कृष्णद्रव्य त्याच्या पाचपटीहून थोडे अधिक आहे.

हिशेबात सर्व राशी जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) या एकाच एककात ठेवाव्यात. ऊर्जा, वस्तुमान आणि तापमान तिन्ही त्यातच मोजले जातात. एक जीईव्ही म्हणजे सुमारे १.१६ × १०^१३ केल्विन. येथे १०^१३ म्हणजे दहाचा तेरावा घात आणि १०^-२६ म्हणजे दहाचा उणे सव्विसावा घात असे वाचावे. काळाचे रूपांतर करताना जीईव्हीच्या व्यस्ताला ६.५८ × १०^-२५ सेकंदांनी गुणावे. ज्या रूपांतरात सर्वांत जास्त चुका होतात ते वेगळे लिहून ठेवावे: जीईव्हीचा उणे दुसरा घात बरोबर १.१७ × १०^-१७ घनसेंटिमीटर प्रति सेकंद. यात प्रकाशाचा वेग आधीच धरलेला आहे, त्यामुळे तो पुन्हा गुणल्यास उत्तर तीस अब्ज पटींनी चुकते.

या एककांत क्रांतिक घनता १.०५४ × १०^-५ जीईव्ही प्रति घनसेंटिमीटर आहे, हबलचा तो वर्ग वेगळा ठेवून. तिला ०.१२० ने गुणले की १.२६ × १०^-६ मिळते. हेच घनमीटरच्या हिशेबात पाहिले तर एका घनमीटरमागे १.२६ जीईव्ही, म्हणजे एक प्रोटॉन आणि वर एक तृतीयांश प्रोटॉन इतके वस्तुमान होते. दीर्घिकासमूहांना बांधून ठेवणाऱ्या द्रव्याची विश्वभरातील सरासरी एवढी विरळ आहे, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सूक्ष्म आकडे पाहून दचकायला होत नाही.

दोन दरांची शर्यत

पहिला आणि सर्वांत तपशीलवार अभ्यासलेला पर्याय असा आहे. विश्व अतिशय तप्त असताना आपला कल्पित कण सामान्य कणांशी औष्णिक समतोलात होता, म्हणजे सामान्य कणांच्या टकरींतून त्याच्या जोड्या तयार होत होत्या आणि त्या जोड्या एकमेकींना नष्ट करून पुन्हा सामान्य कण देत होत्या. तापमान कणाच्या वस्तुमानापेक्षा खाली घसरले की नवी जोडी घडवण्याइतकी ऊर्जा फार थोड्या टकरींत उरते, त्यामुळे समतोलातील संख्या घातांकी वेगाने कमी होऊ लागते. समतोल तसाच टिकला असता तर आज एकही कण शिल्लक नसता. परंतु विश्व प्रसरण पावत असते. कण एकमेकांपासून इतके दूर जातात की नष्ट होण्यासाठी जोडीदारच भेटत नाही, आणि प्रसरणाबरोबर होणारी विरळता सोडली तर त्यांची संख्या कायम होते. यालाच फ्रीझ-आउट, म्हणजे संख्या गोठणे, असे म्हणतात. याकोव्ह झेल्डोविच यांनी १९६० च्या दशकात अशा शिलकीचा हिशेब मांडला, आणि १९७७ मध्ये बेंजामिन ली व स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तो जड न्यूट्रिनोसारख्या कणासाठी केला.

हिशेबासाठी तीन सूत्रे पुरतात. पहिले प्रसरणाच्या दराचे: १.६६ गुणिले स्वातंत्र्यमात्रांच्या संख्येचे वर्गमूळ, गुणिले तापमानाचा वर्ग, भागिले प्लांक वस्तुमान, जे १.२२ × १०^१९ जीईव्ही आहे. स्वातंत्र्यमात्रांची संख्या म्हणजे त्या तापमानाला प्रकाशाच्या वेगाच्या आसपास धावणाऱ्या सर्व कणांच्या वेगवेगळ्या अवस्थांची भारित बेरीज. ज्ञात सर्व कण धरले तर ती १०६.७५ असते आणि चार-पाच जीईव्ही तापमानाला सुमारे ८६ असते. दुसरे सूत्र समतोलातील संख्याघनतेचे. वस्तुमान भागिले तापमान या गुणोत्तराला क्ष म्हणावे. मग घनता म्हणजे कणाच्या अंतर्गत अवस्थांची संख्या, गुणिले वस्तुमानाचा घन, गुणिले (१ भागिले २π क्ष) याचा दीड घात, गुणिले २.७१८ चा उणे क्ष घात. तिसरे सूत्र एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेचे माप, प्रसरणात जिची एकूण बेरीज कायम राहते) घनतेचे: ०.४३९ गुणिले स्वातंत्र्यमात्रांची संख्या, गुणिले तापमानाचा घन.

आता प्रत्यक्ष आकडे घालावेत. कणाचे वस्तुमान १०० जीईव्ही, अंतर्गत अवस्था २, आणि विलोपनाचा गुणांक, म्हणजे परस्पर नष्ट होण्याचा काटच्छेद (टक्करीची शक्यता दाखवणारे क्षेत्रफळ) गुणिले सापेक्ष वेग यांची सरासरी, ३ × १०^-२६ घनसेंटिमीटर प्रति सेकंद असे धरू. जीईव्हीच्या एककात हा गुणांक २.५७ × १०^-९ होतो. स्वातंत्र्यमात्रा सर्वत्र ८६ धरल्या तरी येथे फारसे बिघडत नाही.

क्ष १० असताना, म्हणजे तापमान १० जीईव्ही असताना, संख्याघनता ०.१८ येते आणि तिला गुणांकाने गुणले की विलोपनाचा दर ४.७ × १०^-१० जीईव्ही मिळतो. प्रसरणाचा दर त्या वेळी १.२६ × १०^-१६ आहे. विलोपन सदतीस लाख पटींनी वेगवान आहे, म्हणजे समतोल भक्कम आहे. क्ष २० ला विलोपन ७.५ × १०^-१५ आणि प्रसरण ३.२ × १०^-१७. पट आता जेमतेम दोनशे चाळीस. क्ष २५ ला ३.६ × १०^-१७ विरुद्ध २.० × १०^-१७, म्हणजे पट दोनच्याही खाली. क्ष २६ ला विलोपन मागे पडलेले असते. छेदबिंदू पंचवीस आणि सव्वीसच्या मध्ये आहे. सोयीसाठी २५ घ्यावा. हा क्रम स्वतः गणकयंत्रावर करून पाहावा असा माझा आग्रह आहे, कारण घातांकी घट म्हणजे काय ते सूत्राकडे बघून जेवढे कळते त्याहून अधिक हे चार आकडे एकाखाली एक लिहिल्यावर कळते. क्ष २० पासून २५ पर्यंत तापमान फक्त एक पंचमांशाने उतरते, पण विलोपनाचा दर दोनशेपटीने कोसळतो. म्हणूनच गुणांकात किंवा वस्तुमानात बरेच फेरफार केले तरी छेदबिंदू वीस ते तीस या पट्ट्यातून सहसा बाहेर जात नाही.

क्ष २५ म्हणजे तापमान ४ जीईव्ही, सुमारे ४६ लाख कोटी केल्विन. प्रसरणाच्या दराच्या दुपटीचा व्यस्त घेतला की विश्वाचे वय मिळते: १.६ × १०^-८ सेकंद.

शिल्लक आजपर्यंत आणणे

गोठण्याच्या क्षणीची संख्याघनता काढण्यासाठी प्रसरणाच्या दराला गुणांकाने भागावे: २.०२ × १०^-१७ भागिले २.५७ × १०^-९, म्हणजे ७.९ × १०^-९. ही घनता पुढे प्रसरणाने सतत विरळ होत राहते, आणि तो सगळा इतिहास पायरीपायरीने मोजत बसण्याची गरज नसते, कारण एन्ट्रॉपीची घनताही त्याच प्रमाणात विरळ होते. म्हणून दोघींचे गुणोत्तर काढावे. ४ जीईव्हीला एन्ट्रॉपीची घनता सुमारे २,४१० येते, आणि गुणोत्तर ३.३ × १०^-१२. आजच्या विश्वात एन्ट्रॉपीची घनता २,८९१ प्रति घनसेंटिमीटर आहे. ती पार्श्वभूमीच्या प्रारणाच्या मोजलेल्या तापमानावरून आणि न्यूट्रिनोंचा हिस्सा धरून मिळते. तिला गुणोत्तराने गुणले की ९.४ × १०^-९ कण प्रति घनसेंटिमीटर, आणि वस्तुमानाने गुणले की ९.४ × १०^-७ जीईव्ही. क्रांतिक घनतेने भागून ०.०९ मिळतात.

लक्ष्य ०.१२० होते. सहज धरलेल्या गुणांकावर हातानेच केलेल्या हिशेबात एवढी जवळीक आली, आणि गुणांक ३ ऐवजी २.२ × १०^-२६ घेतला तर उत्तर ०.१२ वर येते. गॅरी स्टाइगमन, बसुदेब दासगुप्ता आणि जॉन बीकम यांनी २०१२ मध्ये केलेल्या काटेकोर गणनेत १० जीईव्हीच्या वरच्या वस्तुमानांसाठी आवश्यक गुणांक जवळपास हाच निघाला. आपली ढोबळ रीत इतकी बरी ठरते यामागे कारण आहे: छेदबिंदूनंतरही थोडे विलोपन चालूच राहते, पण ते धरून समीकरणाचे संकलन केले तरी शेवटची शिल्लक प्रसरणाचा दर भागिले गुणांक भागिले एन्ट्रॉपी हीच येते.

आता याच हिशेबावर दोन बदल करून पाहावेत. वस्तुमान दहापट करून १,००० जीईव्ही घ्यावे आणि गुणांक तोच ठेवावा. छेदबिंदू २८ च्या आसपास सरकतो, स्वातंत्र्यमात्रा थोड्या वाढतात, आणि उत्तर पुन्हा ०.०९ च्या आसपासच येते. कण दहापट जड असला की त्यांची संख्या दहापट कमी उरते. मग वस्तुमान पूर्ववत १०० करून गुणांक दहापट कमी करावा. उत्तर सुमारे ०.८४ येते, म्हणजे नऊपट वाढते. परस्परांना नष्ट करण्यात जो कण दुबळा, तोच जास्त उरतो. या पर्यायात शिल्लक ठरवते ती विलोपनाची ताकद. वस्तुमानाचा प्रभाव केवळ छेदबिंदूच्या किंचित सरकण्यातून येतो.

पुढचा प्रश्न आपोआप येतो: असा गुणांक निसर्गात कोठे सापडेल? दुर्बल बलाच्या (काही किरणोत्सारी क्षय घडवणाऱ्या मूलभूत बलाच्या) ताकदीचा आकडा ०.०३ धरावा, त्याचा वर्ग करावा आणि वस्तुमानाच्या वर्गाने भागावा. आवश्यक गुणांक सुमारे ७०० जीईव्ही वस्तुमानाला मिळतो, म्हणजे नेमक्या त्या ऊर्जापट्ट्यात जिथे दुर्बल बलाशी संबंधित नवे कण असावेत अशी अपेक्षा वेगळ्याच कारणांनी केली जात होती. हा योगायोग कित्येक दशके या क्षेत्राची दिशा ठरवत आला. तो मोहक आहे हे खरे, पण तो पुरावा नाही; वर्गाच्या हिशेबात ताकद आणि वस्तुमान दोन्ही एकाच पटीत वाढवले किंवा घटवले तरी गुणांक तोच राहतो, त्यामुळे दुर्बल बलाशी काहीही संबंध नसलेले हलके कणही तितक्याच सहजपणे बसवता येतात.

या पर्यायाच्या सीमाही याच रीतीने मिळतात. जर कण केवळ दुर्बल बलामार्फत नष्ट होत असेल आणि त्या बलाच्या वाहक कणांपेक्षा बराच हलका असेल, तर गुणांक फर्मी स्थिरांकाचा (दुर्बल बलाची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग गुणिले वस्तुमानाचा वर्ग या प्रमाणात असतो. फर्मी स्थिरांक १.१७ × १०^-५ घालून पाहिले तर तीन-चार जीईव्हीच्या खाली गुणांक अपुरा पडतो आणि कण प्रमाणाबाहेर उरतात. ली आणि वाइनबर्ग यांनी खालची मर्यादा सुमारे २ जीईव्ही काढली होती. वरच्या टोकाला क्वांटम यामिकी स्वतःच काटच्छेदावर कमाल मर्यादा घालते. ती ढोबळपणे ४π भागिले वस्तुमानाचा वर्ग अशी घेतली तर ८०,००० जीईव्हीच्या आसपास रस्ता संपतो. किम ग्रीस्ट आणि मार्क कॅमिओन्कोव्स्की यांनी हा युक्तिवाद १९९० मध्ये मांडला. तेव्हा कृष्णद्रव्याचे प्रमाण आजच्या इतके नेमके ठाऊक नव्हते, म्हणून त्यांची मर्यादा ३,४०,००० जीईव्ही इतकी वर होती.

संगणकावर करताना

अचूक उत्तरासाठी बोल्ट्झमान समीकरण सोडवावे लागते: गुणोत्तराच्या बदलाचा दर हा गुणोत्तराचा वर्ग वजा समतोलातील गुणोत्तराचा वर्ग या फरकाच्या प्रमाणात असतो. समीकरण एका ओळीचे आहे, पण साध्या पायरीपद्धतीने सोडवायला गेल्यास ते हमखास फुटते, कारण क्ष १ असताना विलोपन प्रसरणाच्या सुमारे हजार कोटी पट वेगवान असते आणि समतोलापासून झालेला अतिसूक्ष्म ढळही पुढच्या पायरीत अवाढव्य होतो. गुणोत्तराऐवजी त्याचा लॉगरिदम चल म्हणून घ्यावा, ताठर समीकरणांसाठी असलेली पद्धत वापरावी (पायथनच्या सायपाय संग्रहातील बीडीएफ किंवा रॅडाउ पुरेशी आहे), क्ष १ ते १,००० पर्यंत जावे, आणि अचूकतेची मर्यादा दहापट कडक करून उत्तर हलत नाही याची खात्री करावी. स्वातंत्र्यमात्रांचा तक्ता तापमानाप्रमाणे घालावा. कण दोन-चार जीईव्हीचा असेल तर गोठणे ०.१५ जीईव्हीच्या आसपास होते, जिथे क्वार्क बद्ध होऊन प्रोटॉन-न्यूट्रॉन बनतात आणि ती संख्या झपाट्याने घसरते, आणि तिथे स्थिर आकडा घेऊन चालत नाही.

तीन परिस्थितींत मात्र गुणांक स्थिर धरणेच चुकीचे ठरते, हे ग्रीस्ट आणि डेव्हिड सेकेल यांनी १९९१ मध्ये दाखवले. आपल्या कणाच्या जवळपास वस्तुमानाचा दुसरा अस्थिर कण असेल तर दोघे मिळून नष्ट होतात. वस्तुमानाची दुप्पट एखाद्या मध्यस्थ कणाच्या वस्तुमानाशी जुळत असेल तर संस्पंदन होते, म्हणजे विलोपन एकदम वाढते. आणि थोडी अधिक ऊर्जा मिळाली की विलोपनाचा नवा मार्ग उघडत असेल तर तोही मोजावा लागतो. मायक्रोमेगाज आणि डार्कसूसी ही उघडपणे उपलब्ध असलेली सॉफ्टवेअर हे सर्व सांभाळतात. हातचा हिशेब न करता थेट त्यांच्याकडे वळू नये. निघालेला आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे ओळखण्याचे दुसरे साधन आपल्याकडे नसते.

समतोलातून न आलेले कृष्णद्रव्य

गोठण्याच्या वेळी कण हलके आणि वेगवान असतील तर घातांकी घट होतच नाही. ज्ञात न्यूट्रिनो असेच आहेत. ते विश्व सुमारे एक सेकंदाचे असताना सुटले आणि त्यांचे आजचे प्रमाण तिन्ही वस्तुमानांची बेरीज भागिले ९३ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतके असते. न्यूट्रिनोच्या वस्तुमानावर विश्वशास्त्रातून मर्यादा घालण्याचा हा मार्ग १९६६ मध्ये गेर्श्टाइन व झेल्डोविच यांनी आणि १९७२ मध्ये रामनाथ कौसिक व जॉन मॅक्लेलंड यांनी दाखवला. लक्ष्य गाठायला बेरीज ११ इलेक्ट्रॉन व्होल्ट हवी, तर जर्मनीतील कॅट्रिन प्रयोगाने मर्यादा प्रत्येकी अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही खाली आणली आहे. शिवाय इतके वेगवान कण लहान दीर्घिकांची बीजे पुसून टाकतात. हा पर्याय मिटलेला आहे.

याच्या नेमक्या उलट टोकाचा पर्याय मला अधिक रोचक वाटतो. कण इतका अलिप्त आहे की तो समतोलात कधी आलाच नाही. त्याची सुरुवातीची संख्या शून्य होती, आणि समतोलातील दुसऱ्या एखाद्या कणाच्या क्वचित होणाऱ्या क्षयातून तो थेंबाथेंबाने साठत गेला. हॉल, जेडामझिक, मार्च-रसेल आणि वेस्ट यांनी २००९ मध्ये या प्रक्रियेला फ्रीझ-इन हे नाव दिले. येथे नियम उलटा होतो: संबंध जितका बळकट तितकी शिल्लक जास्त.

हिशेब आणखी सोपा आहे. जनक कणाच्या क्षयाचा दर घ्यावा, तापमान त्या कणाच्या वस्तुमानाइतके असतानाच्या प्रसरणाच्या दराने तो भागावा, स्वातंत्र्यमात्रांनी भागावा आणि निम्मा करावा. हेच एन्ट्रॉपीशी गुणोत्तर. जनक १०० जीईव्हीचा, कृष्णद्रव्याचा कण १० जीईव्हीचा आणि स्वातंत्र्यमात्रा १०० असे धरले तर लक्ष्याचे गुणोत्तर ४.४ × १०^-११ आहे. प्रसरणाचा दर १.४ × १०^-१४ येतो आणि त्यावरून क्षयाचा दर सुमारे १.१ × १०^-२२ जीईव्ही असावा लागतो. त्यासाठी संबंधाची ताकद ५ × १०^-१२ पुरते. या दराचा व्यस्त घेतला की जनकाचे आयुष्य ६ मिलिसेकंद निघते. ते एक सेकंदापेक्षा पुष्कळ कमी असल्याने अणुकेंद्रकांच्या निर्मितीत अडथळा येत नाही. परंतु असा कण कण-त्वरकात तयार झाला तर प्रकाशाच्या वेगाने जाताना क्षय होण्याआधी १,८०० किलोमीटर कापेल, आणि शोधयंत्राची लांबी काही दशक मीटरच असते. या पर्यायाची प्रयोगातून तपासणी अवघड का आहे, याचे उत्तर त्या दोन लांबींच्या तफावतीत आहे.

अ‍ॅक्सियनच्या बाबतीत तर उष्णतेची गरजच नसते. रॉबर्टो पेचेई आणि हेलेन क्विन यांनी १९७७ मध्ये तीव्र बलातील एका कोड्यासाठी सुचवलेल्या उपायातून हा कण निघतो, आणि त्याचे क्षेत्र कृष्णद्रव्य होऊ शकते हे १९८३ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी दाखवले. क्षेत्राची सुरुवातीची किंमत कोठेतरी अडकलेली असते. प्रसरणाचा दर कणाच्या वस्तुमानाच्या एक तृतीयांशाखाली आला की ते दोलन करू लागते आणि त्या दोलनांची ऊर्जा थंड द्रव्यासारखी वागते. पुन्हा तोच छेदबिंदू. येथे एक खड्डा आहे. वस्तुमान १०^-५ इलेक्ट्रॉन व्होल्ट स्थिर धरून गणित केले तर दोलन ५० जीईव्हीच्या आसपास सुरू झाल्याचे उत्तर येते, पण त्या तापमानाला अ‍ॅक्सियनला ते वस्तुमान आलेलेच नसते. तापमान जसे उतरते तसे ते साधारण चौथ्या घाताने वाढत जाते, आणि हे धरल्यावर दोलनाची सुरुवात १ जीईव्हीजवळ येते.

आदिम कृष्णविवरांसाठी कण लागतच नाही. एखाद्या ठिकाणची घनता पुरेशी जास्त असेल तर त्या क्षणीच्या क्षितिजातले, म्हणजे प्रकाश तोवर पोहोचू शकला तेवढ्या भागातले, द्रव्य कोसळते, आणि वस्तुमान ४ × १०^३८ ग्रॅम गुणिले सेकंदांतील वय इतक्या आकाराचे निघते. सुमारे ५ × १०^१४ ग्रॅमच्या खालची विवरे हॉकिंग प्रारणाने, म्हणजे स्वतःची ऊर्जा हळूहळू बाहेर टाकत, आतापर्यंत संपलेली असतील. सगळे कृष्णद्रव्य त्यांचेच असू शकेल असा पट्टा साधारण १०^१७ ते १०^२२ ग्रॅमचा उरतो, म्हणजे ती १०^-२२ ते १०^-१७ सेकंदांच्या आसपास घडलेली असावीत.

आलेले उत्तर कोठे ताडून पाहावे

आकडा ०.१२० जुळला म्हणून काम संपत नाही. पहिल्या पर्यायातील १०० जीईव्हीच्या कणासाठी पुढचे दोन तपास तरी अवश्य करावेत.

पहिला, भूगर्भातील शोधयंत्रांचा. आपल्या दीर्घिकेत सूर्याच्या परिसरात कृष्णद्रव्य विश्वाच्या सरासरीहून कितीतरी दाट आहे, सुमारे ०.३ जीईव्ही प्रति घनसेंटिमीटर. १०० जीईव्हीचे कण असतील तर एका लिटरमध्ये तीन. ते अणुकेंद्रकावर आदळण्याच्या काटच्छेदावर अमेरिकेतील लक्स-झेप्लिन आणि इटलीतील झेनॉन-एनटी या द्रवरूप झेनॉनच्या यंत्रांनी १०^-४७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आणि त्याखालीही मर्यादा घातली आहे. ही तुलना करताना काळजी घ्यावी: आदळण्याचा काटच्छेद आणि विलोपनाचा गुणांक या दोन वेगळ्या राशी आहेत, एकीवरून दुसरी काढायची तर प्रतिमान हाती हवे, आणि अशी पुष्कळ प्रतिमाने आहेत ज्यांत विलोपन पुरेसे असूनही आदळणे जवळपास नाहीसे होते.

दुसरा तपास पुन्हा पार्श्वभूमी प्रारणाचा, आणि तो प्रतिमानावर कमी अवलंबून आहे. विश्व ३,८०,००० वर्षांचे झाल्यानंतरही अधूनमधून होणाऱ्या विलोपनातून सुटणारी ऊर्जा हायड्रोजनचे आयनीभवन वाढवते आणि प्रारणाच्या नकाशातील बारकावे पुसट करते. प्लांकच्या मोजमापानुसार गुणांक भागिले वस्तुमान, गुणिले ऊर्जा शोषली जाण्याचे प्रमाण, हे सगळे ३.२ × १०^-२८ च्या खाली राहिले पाहिजे. आपल्या कणासाठी २.२ × १०^-२६ भागिले १०० म्हणजे २.२ × १०^-२८, आणि शोषणाचे प्रमाण एकाहून कमीच असते, म्हणून तो सुटतो. वस्तुमान १० जीईव्ही घेतले तर हाच भागाकार दहापट होतो, आणि शोषण ०.२ धरले तरी ४.४ × १०^-२८ येऊन मर्यादा ओलांडली जाते. अशा हलक्या कणाला वाचवायचे असेल तर विलोपन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होते असे मानावे लागते, कारण तेव्हा गोठण्याच्या वेळी, कण प्रकाशवेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धावत असताना, गुणांक पुरेसा असतो आणि पुढे कण मंदावल्यावर तो जवळपास शून्य होतो. तसे मानल्यास मागे जाऊन छेदबिंदूचा हिशेब नव्याने करावा, कारण गुणांक आता क्ष वाढेल तसा घटतो आणि सुरुवातीला धरलेली ३ × १०^-२६ ही किंमत पुरत नाही.